पासवर्ड पक्का आहे, तरी ही फट बुजवायलाच हवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या सार्वजनिक वाचनालयाची साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार प्रणालीवर आहे. वर्गणीची माहिती आणि सूचनाफलक दाखवणारं एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जादा कोड, सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने लिहून दिलं होतं. सुरक्षा तपासणीचं काम करणाऱ्या एका सभासदाने ते पाहिलं आणि 'क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, तीव्रता मध्यम' असं कळवलं, म्हणजे दुसऱ्या साइटला तुमच्या नावाने बनावट विनंती पाठवता येते. अ‍ॅडमिन खातं एकच, ते तुमच्याकडे. पासवर्ड लांबलचक, शिवाय लॉगिन करताना मोबाइलवरचा कोड लागतो. मग धोका खरंच आहे का, आणि त्या मुलाला नेमकं काय दुरुस्त करायला सांगायचं?

धोका आहे. आज झोपण्याआधी ते प्लगइन बंद करून ठेवा. सूचनाफलक चार दिवस दिसला नाही तर फारसं बिघडत नाही. मग पुढचं सावकाश वाचा.

पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड हे दोन्ही पहारेकरी दाराशी उभे असतात. तुम्ही एकदा आत आलात की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक कुकी, म्हणजे छोटी ओळखचिठ्ठी, देतो आणि पुढे त्या कुकीवरूनच तुम्हाला ओळखतो. वर्डप्रेसमध्ये ती २ दिवस चालते, 'मला लक्षात ठेवा' या चौकटीत खूण केली असेल तर १४ दिवस. तेवढ्या काळात तुमच्या साइटकडे विनंती गेली की ब्राउझर ती कुकी स्वतःहून सोबत देतो. विनंती तुम्ही बटण दाबून पाठवली की दुसऱ्याच कुठल्या पानाने तुमच्या ब्राउझरकडून पाठवून घेतली, हे कुकीवरून कळत नाही. सगळी गोम इथे आहे.

कचेरीत काम केलेल्यांना हे चटकन कळेल. साहेबांपुढे सह्यांसाठी पंधरा-वीस कागदांचा गठ्ठा ठेवलेला असतो, एकावर एक सरकवलेला, फक्त सहीची जागा दिसेल असा. त्यात कोणी एक परका कागद घुसवला तर त्यावरची सही खोटी नसते. हस्ताक्षर तपासणाऱ्याला काही सापडणार नाही, कारण सही साहेबांचीच आहे. हा कागद त्यांना मंजूर होता का, एवढंच कोणी विचारलेलं नसतं. या हल्ल्यात हल्लेखोराला तुमचा पासवर्ड लागत नाही, तुमची कुकी त्याला वाचताही येत नाही. गठ्ठ्यात कागद सरकवता आला की त्याचं काम झालं.

एका शिक्षणसंस्थेची साइट तपासत होतो तेव्हा तिथल्या कार्यालयातल्या बाईंना हे पटेना. त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच: पासवर्ड माझ्या डोक्यात आहे, कोण काय करणार? मग त्यांच्या साइटची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर उभी केली, फायरफॉक्समध्ये त्यांना लॉगिन करायला लावलं आणि शेजारच्या टॅबमध्ये मी बनवलेलं एक पान उघडायला सांगितलं. पानावर 'परीक्षेचं वेळापत्रक' एवढं एकच शीर्षक. त्यामागे चार ओळींचा न दिसणारा फॉर्म होता. फॉर्मचा पत्ता म्हणजे त्यांच्या प्लगइनचं सेटिंग्जचं पान, आत एकच लपवलेला रकाना, 'पावतीची सूचना या ईमेलवर पाठवा', त्यात मी घातलेला पत्ता. शेवटी पान उघडताच फॉर्म पाठवून देणारी स्क्रिप्टची एक ओळ. बाईंनी लिंकवर टिचकी मारली. शीर्षक क्षणभर दिसलं आणि लगेच त्यांचाच डॅशबोर्ड समोर आला, वर हिरव्या काठाची पट्टी: सेटिंग्ज जतन झाल्या. "अहो, मी कुठे काय दाबलं?" असं त्या म्हणाल्या आणि मग बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता प्रत्यक्षात घडलेलं एक उदाहरण देतो, कारण 'आमच्या प्लगइनमध्ये बाकी सगळीकडे तपासणी आहे, एकाच ठिकाणी राहिली आहे' हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. जानेवारी २०२० मध्ये वर्डफेन्स या वर्डप्रेसच्या सुरक्षासेवेच्या संशोधकांना 'कोड स्निपेट्स' या प्लगइनमध्ये अशीच त्रुटी सापडली. तेव्हा ते २ लाखांहून जास्त साइट्सवर होतं. साइटमध्ये पीएचपीचे (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचे) छोटे तुकडे थेट डॅशबोर्डवरून घालता यावेत यासाठी ते वापरतात. लेखक काळजीपूर्वक काम करणारा होता. प्लगइनमधल्या जवळपास प्रत्येक कृतीला विनंती खरी आहे का याची तपासणी होती. फक्त तुकडे आयात करण्याच्या पानावर ती राहून गेली होती. त्यातही एक बचाव होता: आयात केलेला तुकडा आधी निष्क्रिय असायचा, तो मालकाने हाताने चालू करायचा. पण आयातीच्या मजकुरात (तो जेसन नावाच्या साच्यात असतो) 'सक्रिय' या रकान्यापुढे १ लिहून पाठवलं की प्लगइन ते निमूट मान्य करायचं. म्हणजे लॉगिन असलेल्या अ‍ॅडमिनने भलतीच लिंक उघडली की हल्लेखोराचं पीएचपी त्याच्या सर्व्हरवर चालू. यापेक्षा वाईट परिणाम वेबसाइटच्या बाबतीत नसतो. कळवल्यावर दोन दिवसांत २.१४.० ही दुरुस्त आवृत्ती आली. सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-८४१७.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस' या लाखभर साइट्सवरच्या प्लगइनचं असंच झालं. पान वाचकाकडे जाण्याआधी त्यातले शब्द बदलणं हे त्याचं काम. सेटिंग्जच्या फॉर्मवर तपासणी नव्हती, त्यामुळे 'हेड' या टॅगच्या (पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या खुणेच्या) जागी स्क्रिप्टसकट 'हेड' घाला असा नियम बाहेरून भरता येत होता आणि मग साइटच्या प्रत्येक पानावर ती स्क्रिप्ट. वर्डप्रेसच्या गाभ्याचीही यातून सुटका झालेली नाही. मार्च २०१९ मधली ५.१.१ ही आवृत्ती प्रतिक्रियांच्या फॉर्ममधल्या याच जातीच्या त्रुटीसाठी आली होती.

म्हणून 'मध्यम' या शेऱ्यावर विसंबू नका. तीव्रतेचा आकडा काढताना 'वापरणाऱ्याला काहीतरी करावं लागतं' म्हणून गुण कमी होतात. इथे ते काहीतरी म्हणजे एक लिंक उघडणं. वाचनालयाच्या ईमेलवर 'पुस्तक देणगी द्यायची आहे, यादी इथे पाहा' असं पत्र आलं तर तुम्ही ती लिंक उघडणारच. उघडलीच पाहिजे, ते तुमचं काम आहे. खरा प्रश्न विचारायचा तो असा, की हा फॉर्म करतो काय? फलकाचा रंग बदलत असेल तर नुकसान रंगापुरतं. पण तुमचं प्लगइन वर्गणीची माहिती दाखवतं. वर्गणी भरण्यासाठी दिलेला यूपीआय क्यूआर कोड किंवा बँकेचा खाते क्रमांक त्याच फॉर्ममधून बदलत असेल, तर हल्लेखोराला सर्व्हर ताब्यात घ्यायची गरजच नाही. एक चित्र बदललं की सभासदांचे पैसे परस्पर दुसरीकडे जायला लागतील, आणि महिनाअखेरीला हिशेब जुळेना म्हणून तुमच्या लक्षात येईल. माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी भीती हीच आहे आणि त्या सभासदाच्या अहवालात ती कुठेच येणार नाही, कारण तो क्यूआर कोड कोण कसा वापरतं हे कोडमध्ये दिसत नाही.

दुसरं, सूचनेचा मजकूर फलकावर छापताना प्लगइन त्यातले टॅग निष्प्रभ करतं का तेही पाहायला सांगा. करत नसेल तर बनावट विनंतीतून आलेली सूचना म्हणजे साइटवर कायमची बसलेली स्क्रिप्ट. ती तुमच्या ब्राउझरमध्ये तुमच्याच साइटची म्हणून चालते, डॅशबोर्डचं पान वाचू शकते आणि तुमच्या नावाने दुसरा अ‍ॅडमिन तयार करू शकते. दोन मध्यम त्रुटी एकत्र आल्या की काय होतं याचं हे नेहमीचं उदाहरण.

यावर कोणीतरी तुम्हाला सांगेल की आता ब्राउझरच हे सगळं रोखतात. यात तथ्य आहे, पण अर्धं. क्रोमने फेब्रुवारी २०२० मधल्या ८० व्या आवृत्तीपासून कुकीवर 'सेमसाइट' (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती द्यायची का, ही सूचना) असं काही लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स', म्हणजे तिथून फक्त साध्या लिंकसोबत द्यायची, असं समजायचं ठरवलं. कोरोनामुळे एप्रिलमध्ये ते थांबवलं आणि जुलैपासून पुन्हा लागू करत नेलं. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीवर असं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे परक्या पानावरून आलेल्या पोस्ट विनंतीसोबत, म्हणजे फॉर्म पाठवल्यावर जाते तशा विनंतीसोबत, क्रोम ती सहसा देत नाही. इथवर ठीक. पण कुकी मिळून दोन मिनिटं झाली नसतील तर क्रोम सवलत देतो, आणि लॉगिन केल्याकेल्या ईमेल उघडणारी माणसं कमी नाहीत. फायरफॉक्स आणि सफारी हा नियम आपोआप लावत नाहीत. अख्खं पानच तुमच्या साइटकडे वळवणारा फॉर्म तिथे कुकी घेऊन पोचतो. त्या बाईंना दाखवलेला प्रयोग तोच होता. आणि 'लॅक्स' असली तरी साध्या लिंकसोबत, म्हणजे गेट विनंतीसोबत, कुकी जातेच. तुमच्या प्लगइनमध्ये सूचना 'काढून टाका' ही नुसती लिंक असेल तर क्रोमही वाचवत नाही. शिवाय एकाच डोमेनखालच्या दोन सबडोमेन या नियमाला एकच साइट वाटतात. वाचनालयाच्या डोमेनखाली दुसरं एखादं जुनं, कोणी न सांभाळलेलं पान असेल तर तिथून आलेली विनंती घरचीच समजली जाते.

ही त्रुटी प्लगइन्समध्येच इतकी का सापडते, त्यालाही कारण आहे. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत २०१३ साली ती आठव्या क्रमांकावर होती, २०१७ च्या यादीतून स्वतंत्र नोंद गेली, कारण जँगो, रेल्स, लाराव्हेलसारख्या साइट बनवण्याच्या तयार चौकटींत ही तपासणी मुळातूनच चालू असते. ती बंद करायची तर मुद्दाम करावी लागते. वर्डप्रेसमध्ये उलट आहे. हत्यार दिलेलं आहे आणि चांगलं आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने उचलावं लागतं. शंभर ठिकाणी उचललं आणि एका ठिकाणी विसरलं की 'कोड स्निपेट्स' होतं.

आता त्या मुलासाठी. फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहितोय, त्याला ओळखू येतील.

फॉर्म छापताना त्यात 'डब्ल्यूपी_नॉन्स_फील्ड' घालायचं. ते १० अक्षरांची एक खूण लपवलेल्या रकान्यात ठेवतं. ही खूण चार गोष्टींवरून बनते: कृतीचं नाव, वापरणाऱ्याचा क्रमांक, त्याच्या चालू लॉगिनचा टोकन आणि वेळेचा १२ तासांचा टप्पा, सोबत साइटचं गुपित असतं. परक्या साइटला तुमच्या पानावर फॉर्म पाठवता येतो, पण तुमचं पान वाचता येत नाही, म्हणून ही खूण तिला कळत नाही. फॉर्म आल्यावर 'चेक_अ‍ॅडमिन_रेफरर' ने ती पडताळायची. खूण जुळली नाही की ते फंक्शन तिथेच काम थांबवतं. नाव 'नॉन्स' असलं तरी ही खूण एकदाच वापरायची नसते, २४ तासांपर्यंत चालते. तेवढ्याने या हल्ल्यापुरतं भागतं.

इतकं सोपं असून लोक कुठे चुकतात हे मी गेली कित्येक वर्षं बघतोय. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक एका ओळीची आहे. 'जर नॉन्सचा रकाना आलेला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांब' अशी अट लिहिलेली असते. वाचायला अगदी बरोबर वाटते. पण हल्लेखोर तो रकाना पाठवतच नाही. रकानाच आला नाही म्हणून अटीचा पहिला भाग खोटा, म्हणून थांबायचं कारण नाही, म्हणून सेटिंग्ज जतन. अट हवी ती 'रकाना आलेला नसेल किंवा चुकीचा असेल, तर थांब'. दोन अँपरसँडच्या जागी दोन उभ्या रेघा आणि पुढे एक उद्गारचिन्ह, फरक एवढाच. कोड वाचणाऱ्याला नॉन्सचं नाव दिसतं आणि तो पुढे जातो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. तुमच्या प्लगइनमध्ये 'तपासणी आहे की' असं तो मुलगा म्हणाला तर आधी हीच ओळ काढून दाखवायला सांगा.

दुसरी चूक 'इज_अ‍ॅडमिन' या नावामुळे होते. वापरणारा अ‍ॅडमिन आहे का हे ते सांगत नाही. विनंती डॅशबोर्डच्या भागातल्या पानासाठी आहे का, एवढंच सांगतं. परवानगी तपासायची तर 'करंट_यूजर_कॅन' आणि त्यात 'मॅनेज_ऑप्शन्स' सारखी क्षमता द्यायची. या दोन तपासण्यांत गल्लत करू नका. नॉन्स सांगतो की ही विनंती याच माणसाने आपल्या पानावरून केली. त्या माणसाला ते करायचा अधिकार आहे का, हे नॉन्स सांगत नाही. 'डब्ल्यूपी_एजॅक्स' च्या हुकवर येणारी कृती तर लॉगिन असलेल्या कोणालाही करता येते, साध्या सभासदालाही. दोन्ही तपासण्या, प्रत्येक कृतीत, काहीही बदलण्याच्या आधी.

'चेक_अ‍ॅडमिन_रेफरर' ला कृतीचं नाव न देता बोलावणं ही आणखी एक पळवाट. तसं केलं तर ते नॉन्सवर अडून राहत नाही, विनंती डॅशबोर्डच्या पत्त्यावरून आल्याचं रेफररमध्ये (विनंती कुठल्या पानावरून आली ते सांगणाऱ्या नोंदीत) दिसलं तरी सोडून देतं. प्रत्येक कृतीला वेगळं नाव द्या. नोंद काढायची असेल तर नावात त्या नोंदीचा क्रमांकही. आणि काहीही पुसणारी किंवा बदलणारी कृती नुसत्या लिंकवर ठेवू नका.

खरं तर सेटिंग्जचं पान असेल तर हे सगळं हाताने करण्याची गरजच नाही. वर्डप्रेसची सेटिंग्ज एपीआय वापरली आणि फॉर्म 'ऑप्शन्स डॉट पीएचपी' कडे पाठवला की 'सेटिंग्ज_फील्ड्स' नॉन्स छापतं आणि पलीकडे तो आपोआप तपासला जातो, क्षमतेसकट. रेस्ट एपीआयतही कुकीसोबत नॉन्स आला नाही तर वर्डप्रेस त्या विनंतीला लॉगिन नसलेली समजतं. क्षमतेची अट 'परमिशन_कॉलबॅक' मध्ये लिहावी लागते, ती मात्र रिकामी सोडू नये. सात-आठ वर्षांपूर्वीचा कोड असेल तर ठिगळं लावण्यापेक्षा सेटिंग्जचा भाग नव्याने लिहून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

दुरुस्ती होईपर्यंत तुमच्याकडून काय व्हावं? साइटवर आधीच काही झालंय का ते आधी बघा. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का, साइटचा मुख्य ईमेल बदललाय का, 'कोणीही नोंदणी करू शकतो' ही खूण आपोआप पडली आहे का, आणि क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून नाव वाचनालयाचंच येतं का. होस्टिंगच्या पॅनेलवरून अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटकडे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, उतरवून घ्या. तो फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून आजच. त्यात डॅशबोर्डकडे गेलेल्या पोस्ट विनंत्यांपुढे रेफरर म्हणून दुसऱ्याच साइटचं नाव दिसलं तर ती ओळ जपून ठेवा.

रोजच्या सूचना टाकण्यासाठी 'संपादक' दर्जाचं वेगळं खातं बनवा आणि अ‍ॅडमिन खातं अपडेटपुरतंच उघडा. ते उघडताना ब्राउझरची वेगळी प्रोफाइल वापरा, जिच्यात ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही, काहीच नाही. काम झालं की 'लॉग आउट' दाबा. नुसता टॅब बंद केल्याने कुकी जात नाही.

दुरुस्त केलेलं प्लगइन हातात आलं की त्या मुलाच्या शब्दावर न जाता स्वतः तपासा, त्यासाठी कोड यावा लागत नाही. सेटिंग्जचं पान उघडा, उजवी टिचकी मारून 'इन्स्पेक्ट' घ्या, फॉर्ममध्ये 'नॉन्स' नावाचा लपवलेला रकाना शोधा आणि त्यातलं एक अक्षर बदलून जतन करा. 'ही लिंक कालबाह्य झाली आहे' अशा अर्थाचं पान यायला हवं. मग पान ताजं करून तो रकाना अख्खा पुसून टाका आणि पुन्हा जतन करा. बहुतेक जण पहिली चाचणी करून थांबतात. वर सांगितलेली उलटी अट दुसऱ्या चाचणीतच सापडते. हिरवी पट्टी आली तर प्लगइन पुन्हा बंद करा आणि त्या मुलाला ती ओळ दाखवा. हे प्रत्येक फॉर्मवर करा. आयात-निर्यातीचं पान असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा.